नसीम, मुंग्या आणि एक महागडं घड्याळ

नसीम,

परवा जिना उतरताना वॉचमनने विचारलं, "बाई, बी विंगच्या मॅडम गेल्या म्हणतात. तुमच्या मैत्रीण होत्या ना?" मी हो म्हटलं आणि खाली पोचेपर्यंत हे खरं आहे का याचा विचार करत राहिले. मैत्रिणी एकमेकींच्या साड्या नेसतात, नवऱ्यांच्या कागाळ्या करतात, सिनेमाला जातात. आपण यातलं काही केलं नाही. तुझं लग्न मोडलं होतं, त्याबद्दल तू कधी बोलली नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. तू माझ्याकडे यायचीस, चहा प्यायचीस आणि कुठल्या तरी गोष्टीवरून आपला वाद व्हायचा. वाद अर्धवट टाकून तू घड्याळाकडे बघायचीस आणि उठायचीस. पुढच्या खेपेला तो आपण पुन्हा तिथूनच सुरू करायचो. आता अर्धवट राहिलेले बरेच वाद माझ्याकडे पडून आहेत.

पहिल्यांदा आलीस ते आठवतं. देवरामला तुर्भ्याच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी जव्हारकडचा आमचा पाडा सोडून जुईनगरला आले होते. सोसायटीच्या मागच्या खोलीत बालवाडी चालवायचे. त्या खोलीच्या भिंतीला ओल आली होती, पोपडे सुटत होते. सोसायटीचे लोक रंग लावून देतो देतो म्हणत राहिले. शेवटी मी गेरूचा हात मारला आणि तांदळाच्या पिठाने त्यावर भातलावणी काढली, कोंबड्या काढल्या, ताडावर चढलेला माणूस काढला. मुलं खूश झाली. तू कुणाच्या तरी मुलाला सोडायला आलीस आणि दारातच उभी राहिलीस. खांद्याला पर्स, हातात डबा, ऑफिसच्या बसची वेळ झालेली.

"हे कोणी काढलं?"

"मी."

"कुठे शिकलात?"

"घरी."

"घरी म्हणजे? कुणाच्या क्लासला?"

मी म्हटलं, "माझ्या आईच्या." तू हसलीस. तुला ते उत्तर विनोद वाटलं होतं. तुझी बस चुकली त्या दिवशी.

तुमची कंपनी परदेशी घड्याळं आणून विकायची. साधी नाही, ज्यांच्या किमतीत आमच्या सोसायटीत फ्लॅट आला असता अशी. मला आधी ते खोटंच वाटलं. एवढ्या पैशात घड्याळ घेणारा माणूस वेळ बघून करतो काय, असं मी विचारलं, तर तू म्हणालीस, "वेळ बघायला त्याच्याकडे दुसरं माणूस असतं." ती घड्याळं बनवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या लोकांना तेव्हा हिंदुस्थानासाठी एक खास मालिका काढायची होती. तबकडीवर आदिवासी चित्र, हाताने काढलेलं. त्यांचे इथले साहेब चित्रकार शोधत होते, दिल्लीत आणि मुंबईच्या गॅलऱ्यांत. तुला तो जुईनगरच्या बालवाडीत सापडला, याचं तुला शेवटपर्यंत कौतुक होतं. माझ्या कामाचं होतं त्यापेक्षा थोडं जास्तच, असं मला वाटायचं.

त्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. तू म्हणालीस, मला तुमचं गाव बघायचंय. मी म्हटलं, तिथे पंखा नाही. तू म्हणालीस, मी उरणची आहे, आमच्याकडे लहानपणी दिवासुद्धा मोजूनमापून लावायचे. मग आलीस. देवराम तुझी बॅग घेऊन पुढे आणि तू चिखल चुकवत मागे, उंच टाचेची चप्पल हातात. आमच्याकडच्या बायका तुला बघून हसल्या, मग तुला भात वाढला. तूही त्यांच्यात बसून चुलीपाशी डोळे चोळलेस.

घरात तेव्हा चौक काढणं चालू होतं. सवाष्णी बायका भिंतीवर पिठाने चौकट काढतात, तिच्यात पालघट देवी बसते. माझी आई धवलेरी आहे, म्हणजे लग्नात देवांना बोलावणारी गाणी तिने म्हणायची. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की तो कुणी पुसत नाही आणि जपतही नाही, धुराने आणि पावसाने आपोआप जातो. तू कोपऱ्यात बसून सगळं बघितलंस. आई गात होती तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलं. तू म्हणालीस धुरामुळे. तुझ्याजवळ ऑफिसचा कॅमेरा होता. तू फोटो काढलेस, नवरीचे, आईचे, चौकाचे. माझी बहीण तर पुन्हा पुन्हा समोर येऊन उभी राहत होती.

नंतर तू मला तुर्भ्याला ऑफिसात बोलावलंस. एसी इतका गार होता की मी पदर खांद्यावरून घेतला. टेबलाच्या एका बाजूला तुमचे मोठे साहेब, एका बाजूला स्वित्झर्लंडहून आलेल्या डिझाइनर बाई, मी आणि माझ्या शेजारी तू. टेबलावर आमच्या घरातल्या चौकाचा फोटो होता, मोठा करून घेतलेला. त्यावर एक काळा कागद ठेवला होता, मध्ये गोल भोक पाडलेलं. त्या भोकातून देवी तेवढी दिसत होती. चौकट कापली गेली होती.

बाईंनी काहीतरी सांगितलं. तू मराठीत सांगितलंस, "त्यांना हेच हवंय. सगळ्यांत सुंदर आहे म्हणतात."

मी म्हटलं, "हे नाही."

तुला वाटलं मला समजलं नाही. तू पुन्हा सांगितलंस. मी पुन्हा तेच म्हटलं. मग तू माझ्याकडे वळून बसलीस आणि त्या दोघांसमोर आपलं भांडण सुरू झालं. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. निदान बाईंना तरी नव्हतं.

"का नाही?"

"ते लग्नाचं आहे. घरात लग्न असलं तर काढतात."

"तुझा भाऊ कागदावर काढून दिल्लीला विकतो. तूच सांगितलंस मला."

"तो त्याचं बघेल. मी नाही काढणार."

"रमी, तुझं डोकं ठिकानावर हाय का? तू नाही काढलंस तर दुसरा कुनी काढेल. तुझ्या भावालाच बोलवतील. चित्र घड्याळावर जानारच हाय, फक्त तुझ्या हातचं नसेल. त्यात काय मिळवलंस?"

रागावलीस की तुझी उरणची बोली वर यायची, तशी ती आली होती.   मला एवढंच ठाऊक होतं की हात तिकडे जाणार नाही. तू खूप समजावलंस. माझ्या मुलांच्या शिक्षणाचं काढलंस, नावाचं काढलंस, शेवटी म्हणालीस की मी यांना शब्द दिलाय. मी म्हटलं, "तुम्ही दिलाय. मी नाही."

साहेबांचा धीर सुटला. ते हिंदीत म्हणाले, "नसीम, उसको समझाओ. ज़रा ठीक से समझाओ."

तू खुर्ची सरळ केलीस. मला वाटलं आता तू मला हाताला धरून बाहेर नेणार आणि तिथे पुन्हा सुरू करणार. तू त्यांच्याकडे बघून म्हणालीस, "समझाया सर. नहीं बोलती है तो नहीं."

"तुम्हारी तनखा कौन देता है, नसीम?"

"आप देते हो सर. मगर चौक उसका है."

मग तू बाईंकडे वळून इंग्रजीत बोललीस. माझं इंग्रजी शाळेपुरतं, त्यातलं मला 'नो' समजलं आणि 'वेडिंग' समजलं. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांनी काळा कागद उचलला, फोटो उलटा करून ठेवला आणि मला विचारलं, मला काय काढायला आवडेल. साहेब उठून बाहेर गेले.

बस स्टॉपवर आलो तेव्हा मी तुझ्यावर तुटून पडले. "तू मला न विचारता तो फोटो का दाखवलास?" तू एकदम थांबलीस. म्हणालीस, "आता 'तू'? बरं झालं. मॅडम, तुम्ही, ऐकून कंटाळा आला होता." पण मी ऐकायला तयार नव्हते. तूही नव्हतीस. तुझं म्हणणं होतं, फोटो माझ्या बहिणीने हौसेने काढून घेतले, कुणी लपून काढलेले नाहीत, आणि सुंदर गोष्ट चार लोकांना दाखवली तर काय पाप केलं. आणि मी चूक करतेय, हेही तू स्पष्ट सांगितलंस. आत माझी बाजू घेतलीस आणि बाहेर येऊन मला मूर्ख म्हणालीस. स्टॉपवरची माणसं बघत होती. बस आली, तू चढलीस. तू आत जे केलंस त्याबद्दल मी काहीतरी म्हणायला हवं होतं, ते बसच्या धुराबरोबर गेलं. नंतर त्या गोष्टीचा विषय काढायची वेळच आली नाही. किंवा आली असेल, पण तेव्हा आपण दुसऱ्या कशावरून तरी भांडत असू.

तुला कारखाना बघायला स्वित्झर्लंडला पाठवणार होते. माझ्या तबकड्या घेऊन तूच जायचीस असं ठरलं होतं. तू त्यासाठी पासपोर्टला फोटो काढले होतेस, स्वेटर विणायला टाकला होतास. गेला तो दुसराच एक माणूस, साहेबांच्या नात्यातला. तुला दुरुस्तीच्या काउंटरवर बसवलं. हे तू मला सांगितलं नाहीस. तुझ्या ऑफिसातल्या शिपायाने देवरामला बसमध्ये सांगितलं. मी तुला विचारलं, "स्वेटरचं काय झालं?" तू म्हणालीस, "भावाला दिला. त्याला घट्ट होतो, तरी घालतो." तेवढंच.

काम मात्र तू सोडलं नाहीस. तबकड्या तूच आणून द्यायचीस, जेवणाच्या डब्यात, मऊ कापडाच्या घड्यांत गुंडाळून. गेरूच्या रंगाच्या, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या. पीठ त्यावर धरेना, म्हणून त्यांनी दिलेला पांढरा रंग वापरायचा. बांबूची काडी जाड पडायला लागली. आपण दोघींनी मिळून काय काय करून बघितलं ते आठवतं? तुझ्या केसांची पिन, झाडूची काडी, शिवणाची सुई. शेवटी बाभळीचा काटा चालला. रंग वाळायच्या आत त्यावर धूळ बसू नये म्हणून पंखा बंद. मे महिना होता. माझ्या स्वयंपाकघरात खिडकीशी मी भिंग डोळ्याला लावून बसलेली आणि ओट्याला टेकून तू, बडीशेप चघळत, घामाने ओली, गप्प. तेवढे तासच आपण कधी भांडलो नाही. मला श्वास धरून बसावं लागायचं, आणि काही वेळाने लक्षात यायचं की तूही धरलाय.

मी ताडावर चढणारा माणूस काढला, वर मडकं, खाली त्याची वाट बघणारी बायको. रोपं उपटणाऱ्या बाया काढल्या. पिल्लांना पंखाखाली घेणारी कोंबडी काढली. आणि तबकडीच्या कडेला, आकड्यांच्या जागी, मुंग्या. एकीमागे एक, तोंडात दाणे घेतलेल्या. ओट्यावर साखर सांडली होती, त्या दिवशी समोरच चालल्या होत्या. तू वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "या अल्ला. लोक एवढे पैसे मोजनार आणि वर मुंग्या!" पण स्वित्झर्लंडच्या बाईंना सगळ्यांत जास्त मुंग्याच आवडल्या. जाहिरातीत पुढे त्याच छापल्या गेल्या.

घड्याळ बाजारात आणायचा कार्यक्रम मुंबईत समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात होता. साहेबांनी निरोप पाठवला, पारंपरिक वेशात या. तू तो निरोप सांगायला आलीस तीच चिडून. "काही गरज नाही. तुझी ती निळी साडी नेस. मी तुला तमाशा करायला नेत नाहीये."

मी म्हटलं, "मी लुगडं नेसणार."

"ते सांगतात म्हणून?"

"माझ्या आईचं आहे. मला नेसायचंय."

"त्यांना तेच हवंय, कळत नाही तुला?"

"त्यांना काय हवंय ते त्यांचं. मला लाज वाटत नाही तर तुला का वाटते?"

तू दुखावलीस. खाडीपूल ओलांडेपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाहीस. आणि तिथे पोचल्यावर तू म्हणत होतीस तसंच झालं, हे मला मान्य आहे. बायका माझ्या दंडातल्या वाक्या हातात घेऊन बघत होत्या, मी त्या हाताला जोडलेली आहे हे विसरून. एकीने मला विचारलं, तुम्ही जंगलातून किती तासात आलात. फोटोवाला मला जमिनीवर बसा म्हणाला आणि खुर्च्या तर रिकाम्या होत्या. पण मी म्हणत होते तेही झालं. आईचं लुगडं त्या हॉलमध्ये होतं, गुडघ्यापर्यंत, जसं असतं तसं, आणि मी त्यात ताठ उभी होते. त्या संध्याकाळी कोण बरोबर होतं यावर आपण नंतर किती बोललो. निकाल लागला नाही.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. तू माझ्या शेजारी उभी राहिलीस, इंग्रजी करायला. मी म्हटलं, "मुंग्या जुईनगरच्या माझ्या ओट्यावरच्या आहेत. साखर सांडली होती." तू क्षणभर माझ्याकडे बघितलंस आणि मग माइकवर बरंच लांबलचक काहीतरी म्हणालीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्यातला 'फॉरेस्ट' एवढा शब्द कळला.

परतताना मी विचारलं, "जंगल कुठून आलं? मी जुईनगर म्हटलं होतं."

"जुईनगर म्हटलं असतं तर घड्याळ कोणी घेतलं असतं?"

"पण मुंग्या तिथल्या आहेत."

"अगं मुंगीच्या तोंडावर पत्ता लिहिलेला असतो का?"

देवराम पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, तो हसायला लागला. मला राग आला होता. मानखुर्द गेल्यावर मलाही हसू आलं. कंपनीने मला भेट म्हणून एक मोठा खोका दिला होता. घरी येऊन उघडला तर भिंतीवरचं घड्याळ निघालं, सेलवर चालणारं, प्लॅस्टिकचं. तू दारात उभी होतीस. ते बघून तू जिन्यातच खाली बसलीस आणि हसत सुटलीस, शेजारच्या बाई दार उघडून बघायला आल्या तरी थांबेना.

पुढे खूप दिवसांनी तू एकदा ऑफिसातून परस्पर माझ्याकडे आलीस, चप्पल न काढताच बोलायला लागलीस. काउंटरवर एक गृहस्थ आले होते. त्यांच्या मनगटावर मुंग्यांचं घड्याळ. तुम्ही विकल्यानंतर पहिल्यांदाच ते कुणाच्या हातात बघितलंस तू. चावी घट्ट झाली म्हणून आणलं होतं. तू त्यांना म्हणालीस, हे जिने काढलंय ती माझ्या ओळखीची आहे. गृहस्थ चकित. त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या अजून हयात आहेत?"

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"मी सांगितलं, जुईनगरला राहते. बालवाडी चालवते. सकाळी टाकीच्या पाण्यावरून सेक्रेटरीशी भांडत होती, त्याअर्थी जिवंत असावी."

"आणि मुंग्या?"

"तिच्या किचनमधल्या आहेत, हेही सांगितलं." मग म्हणालीस, "विकून झालंय ना आता. आता सांगायला काय जातं." तुझं हे वाक्य मी माफी म्हणून घेतलं नाही. तू तसं म्हणालीही नव्हतीस. पण त्या दिवशी चहा तू केलास.

तुझ्या किडन्यांचं कळलं तेव्हा तू ते असं सांगितलंस जणू फ्रिज बिघडलाय. आठवड्यातून ठरलेल्या वारी वाशीच्या हॉस्पिटलात जायचीस, मशीनला लावून घ्यायचीस, आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर. मी कधी कधी सोबत यायचे. शेवटी शेवटी तुला कामावर जाणं जमेना. उरणला जा म्हटलं तर म्हणायचीस, तिथे सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात, इथे निदान तू भांडतेस.

मागच्या महिन्यात, मशीन चालू असताना, तू डोळे मिटूनच विचारलंस, "रमी, खरं सांग. चौक काढून दिला असतास तर काय झालं असतं? देवी कोपली असती?"

"नाही."

"तुझ्या लोकांनी वाळीत टाकलं असतं?"

"छे. भाऊ विकतोच की."

"मग?"

मी म्हटलं, "काहीच झालं नसतं."

तू डोळे उघडलेस.

"आमच्याकडे चौक काढला की काहीतरी होतं. आई गायला लागते, देवी येते, लग्न लागतं. एक मुलगी घर सोडून जाते. त्या तबकडीवर काढला असता तर काहीच झालं नसतं. नुसता दिसत राहिला असता."

तू छताकडे बघितलंस आणि पुन्हा डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "हे त्या दिवशी का नाही बोललीस? इंग्लिशमध्ये सांगितलं असतं की मी त्यांना. नुसती नो मॅडम, नो मॅडम करत बसले."

"त्या दिवशी मलाच माहीत नव्हतं."

"मला पटलं नाही," तू म्हणालीस. "पन बोललीस चांगलं."

त्यानंतर आपण भेटलो, पण बोलण्यासारखं काही राहिलं नव्हतं तुझ्यात. भावाने तुला उरणला नेलं. जाताना टॅक्सीतून तू मला खुणेने सांगितलंस की तुझ्या खिडकीतल्या कुंडीला पाणी घाल. मी घालते आहे.

निरोप आला तेव्हा तुला कब्रस्तानात नेऊन झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी आणि देवराम उरणला आलो. देवराम बाहेर तुझ्या भावाशेजारी बसला. मी आत गेले. ओटीवर आणि माजघरात बायका बसल्या होत्या, काही कुराण वाचत होत्या, काही नुसत्या बसल्या होत्या. मला कुणी ओळखत नव्हतं. मी दाराजवळ जागा धरली. रडू येत नव्हतं, आणि आलं नाही तर बरं दिसेल का, असा विचार मी करत होते. तुझ्या त्या बिनपंख्याच्या घरात आता पंखा आहे, तो फिरत होता.

भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती, डोक्यावर पांढरा पदर. तिने मला हाताने जवळ बोलावलं. तुझे डोळे तिच्याकडून आलेत, हे मला तेव्हा कळलं.

"तू ती जुईनगरची ना? चित्रांवाली?"

मी मान हलवली.

"लय तक्रार करायची तुझी. आयकत नाय म्हनायची. कुनाचंच आयकत नाय." तिने माझा हात धरून ठेवला. मग जरा वेळाने हळूच, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "एक इचारू? ती हापिसात कशी व्हती गं? आमी कदी पायलं नाय. यवढी वर्सं गेली कामाला, मना काय ठावं नाय ती तिथं काय करायची. घरात बोलायचीच नाय."

 तू काउंटरवर बसायचीस, हिशेब ठेवायचीस, फोन घ्यायचीस, असं काहीतरी सांगणार होते. तोंडातून निघालं ते ऑफिसातल्या त्या दिवसाचं. एसीची खोली, टेबल, मोठे साहेब, परदेशी बाई. त्यांना माझ्याकडून एक गोष्ट हवी होती आणि मला ती द्यायची नव्हती, असं सांगितलं. तुलाही माझं पटलं नव्हतं, हेही सांगितलं.

"तिलापन नव्हतं पटलं?"

"नाही. मला मूर्ख म्हणाली."

"मंग?"

"साहेबांनी तिला विचारलं, तुझा पगार कोण देतो?"

म्हातारीने माझा हात घट्ट धरला. "असं बोलला? सगल्यांसमोर?"

"हो."

"अन् ती काय बोलली?"

तू जे बोललीस ते मी तिला तसंच हिंदीत सांगितलं, तुझ्यासारखं खुर्चीत सरळ बसून. वाचणाऱ्या बायकांपैकी दोघी-तिघी थांबल्या होत्या. तुझी भावजय हातातली परात घेऊन दारातच उभी होती.

"साहेबाला बोलली?" तुझी आई म्हणाली. "माजी नसीम?"

"हो. त्यानंतर त्यांनी तिला परदेशी पाठवलं नाही. दुसऱ्या जागी बसवलं. तरी ती मला कधी काही बोलली नाही."

 म्हातारीने पदराने तोंड पुसलं. बाहेर पुरुषांचं बोलणं चाललं होतं, कुणीतरी पाणी मागत होतं. मग तिने दारातल्या भावजयीला, वाचणाऱ्या बायकांना, सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलं, आणि मला म्हणाली, "परत सांग. सुरवातीपासून."

मी परत सांगितलं.